अंदाजे चौदा

बारा वर्षं मी विहिरींची पाणीपातळी मोजतेय. अंदाजानं आकडा कधीच सांगितला नाही. फक्त एकदा, या एप्रिलमध्ये. मुंबईच्या कार्यालयातून फोन आला होता.

"मॅडम, मलकापूरपलीकडच्या त्या गावात पाणी किती खोल आहे? दहा मिनिटांत बैठक आहे."

"उद्या मोजून सांगते."

"उद्या बैठक नाही. अंदाजे सांगा."

"अंदाजे... सहा मीटर?"

संध्याकाळी पत्र आलं: 'शास्त्रीय सर्वेक्षणानुसार पातळी ६.०० मीटर. टँकरची आवश्यकता नाही.' मी थक्क झाले. विहिरीत फीत न सोडता, नुसत्या टेबलाभोवती बसून, त्यांनी माझा अंदाज सेंटिमीटरपर्यंत अचूक केला होता!

सकाळी त्या गावच्या सरपंच अन्नपूर्णाबाई ऑफिसात उभ्या.

"मॅडम, कागद म्हन्ते सहा मीटरवर पानी हाय. चाला, मले दाखवा."

"थोडी चूक झाली असेल..."

"थोडी? दोराले दोर बांधून राह्यलो आम्ही. लेकरं आंघोळ इसरले."

गेले. फीत सोडली. १४.३५ मीटर. तीनदा मोजलं आणि त्याच दिवशी अहवाल पाठवला. उत्तर आलं: 'आपले मोजमाप तज्ज्ञांच्या आकड्याशी जुळत नाही.'

मी फोन लावला. "साहेब, ते तज्ज्ञ म्हणजे मीच."

पलीकडे फाइल चाळल्याचा आवाज. मग, "म्हणजे तज्ज्ञांत मतभेद आहेत. समिती नेमावी लागेल."

नेमली. दोन्ही बाजूंनी मीच होते.

टँकर मात्र येईना. शेवटी आमचे बडे बाबू हिंमतराव चहा बशीत ओतत म्हणाले, "मॅडम, अहवाल काऊन पाठवता? अहवाल फायलीत जाते. बैठकीची घाई झाली का तेच फोन करतीन. तवा सांगा, अंदाजे चौदा."

"पण मी ते मोजलंय."

"हाव. पन ते सांगू नका ना."

बुधवारी फोन आला. दहा मिनिटांत बैठक होती. तीनदा मोजलेला आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा चाचरत सांगितला. "अं... चौदा असेल बहुतेक."

संध्याकाळी पत्र: 'शास्त्रीय सर्वेक्षणानुसार १४.०० मीटर. टँकर मंजूर.'

शुक्रवारी अन्नपूर्णाबाईंचा फोन. मागे भांड्यांचा आणि भांडणाचा आवाज. "टँकर आला, मॅडम. तुमचं मोजमाप कामी आलं."

"हो," मी म्हणाले.

हल्ली कोणी विचारलं, तर मोजलेला आकडाही मी जरा छताकडे बघून सांगते.