कॅप्टनसाहेबांचा चेहरा आणि तापणारी रुग्णवाहिका

इंजिन तापणे ही तांत्रिक बाब असून समिती नेमल्याशिवाय ते थंड होत नाही. म्हणूनच आमच्या बारांगायच्या, म्हणजे गावच्या, एकुलत्या एक रुग्णवाहिकेसाठी सात जणांची शीतकरण तपासणी समिती आहे. (मी सचिव. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे माझ्या निष्पक्षतेबद्दल कुणाला शंका नाही.)

गाडी गावात शहाण्यासारखी चालते. बागिओ शहरातल्या इस्पितळाकडे घाट चढू लागली, की तिसऱ्या वळणावर काटा लाल रेषेवर जातो. दहापैकी नऊ फेऱ्यांत असे घडले. दहावी फेरी उताराची होती. समितीने रेडिएटर धुतला, कूलंट बदलले, पंख्याचा पट्टा नवा घातला, थर्मोस्टॅट दोनदा बदलला आणि पाद्रीबाबांकडून बोनेटवर पवित्र पाणी शिंपडून घेतले.

गाडीच्या तोंडाशी, वारा आत जायच्या जाळीवर, गावप्रमुख कॅप्टन पोन्सियानो यांच्या हसऱ्या चेहऱ्याचा फ्लेक्स चार दोऱ्यांनी बांधलेला आहे. गाडी कोणाच्या कृपेने आली हे रुग्णाला लांबूनच कळायला हवे. (आली करातून. पण कराला चेहरा नसतो.)

सभेत ड्रायव्हर क्रिसांतो उभा राहिला. "साहेब, तो फ्लेक्स काढा. इंजिनाला वाराच लागत नाही."

"म्हणजे माझ्या तोंडामुळे गाडी तापते म्हणतोस?" कॅप्टन म्हणाले.

"तोंडामुळे नाही हो. जिथं बांधलंय, त्यामुळे."

सहा सदस्य छताकडे बघत होते. मी पेनाला टोपण लावत होतो.

मंगळवारी क्रिसांतोचीच मुलगी पेर्ला बाळंतपणात अडली. तिसऱ्या वळणावर बोनेटमधून वाफ आली. "बाबा, थांबू नका ना!" ती आतून ओरडत होती. त्याने कोयत्याने चारही दोऱ्या कापल्या, फ्लेक्स दरीत फेकला आणि इंजिन निवेपर्यंत वीस मिनिटे वाट पाहिली. पुढच्या साऱ्या चढावर काटा हलला नाही. पेर्ला वाचली. बाळासाठी वीस मिनिटे आधी पोचायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी मला भात गेला नाही. इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही.

समितीचा निष्कर्ष: काटा हलला नाही, याचे श्रेय दुसऱ्या थर्मोस्टॅटला. सार्वजनिक मालमत्तेची, म्हणजे फ्लेक्सची, नासधूस केल्याबद्दल क्रिसांतो निलंबित. नवा फ्लेक्स आणखी मोठा आहे. त्यावर "पेर्लाच्या दुःखात सहभागी" असे लिहून कॅप्टन गंभीर चेहऱ्याने उभे आहेत. तो त्याच जाळीवर बांधला. चारपैकी एक गाठ मी मारली.

तुम्हाला माझा संताप आला असेल. यायलाच हवा. तुमच्या चौकातला सिग्नल ज्या चेहऱ्यामागे झाकला गेलाय, त्याची दोरी तुम्ही सोडलीत की मला कळवा. मीही माझी गाठ सोडतो.