वडवणीतला समुद्र

आमच्या वडवणीला प्यायला पाणी नाही, पण समुद्र आहे. तो गल्लीतल्या तात्यांच्या बैठकीत टीव्हीशेजारी काचेच्या टाकीत राहतो, आणि त्याला भेटायला जाताना चप्पल बाहेर काढावी लागते.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. गल्लीत टँकर आला की बाया एकमेकींच्या झिंज्या उपटतात, आणि इथं एक रिटायर माणूस मासे पाळतो! त्याच दिवशी मी आमच्या पाणी समितीचं पत्रक लिहून काढलं : ‘जनतेच्या घशाला कोरड, धनदांडग्यांच्या माशांना आंघोळ!’ पहिली प्रत त्यांच्याच दारात नेऊन दिली. पाठीमागून वार करणं मला जमत नाही.

तात्यांनी उभ्याउभ्या वाचलं. खिशातून लाल पेन काढलं.

“धनदांडगा म्हणजे मी का?”

“तुम्हीच.”

“बरं. हे ‘शेकडो हंड्यांची नासाडी’. मोजलेस का?”

“मोजायचं काय त्यात? दिसतंय की!”

“आधी मोजा, मग बोंबला,” तात्या म्हणाले आणि ‘शेकडो’वर काट मारली.

मग मला गच्चीवर नेलं. तिथं उतरत्या काचेचं झाकण असलेली एक पेटी होती. आत बोरचं पाणी. आमच्या गल्लीतलं बोरचं पाणी म्हणजे इतकं मचूळ की त्यात डाळ शिजत नाही. उन्हानं त्याची वाफ व्हायची, काचेला आतून थेंब धरायचे आणि ओघळून नळीवाटे खालच्या कॅनमध्ये पडायचे. माशांच्या टाकीतलं पाणी समुद्रासारखं खारं; ते उडतं पण मीठ मागं राहतं, म्हणून रोज वरून हे शुद्ध पाणी घालायचं. टँकरचा थेंबही माशांना नाही.

“बीडचं ऊन हाय हे, पुढारीणबाई. फुकट जातंय. त्याच्यावर काढा पत्रक.”

मी पत्रकांचा गठ्ठा उचलून घरी आले. रागावायला कारण न उरल्याचा राग फार वाईट असतो. तो उतरवायला मी त्यांच्याकडे रोज जाऊ लागले.

तात्या सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. रसात साखर किती, हे मोजण्यात जन्म गेला. पुढं दुष्काळ पडला, ऊस गेला, आणि उरलंसुरलं संचालकांनी नेलं. माझ्या मते पहिली दोन कारणं नुसती पांघरूण घालायला होती. कारखान्याला कुलूप लागलं, पण तात्यांची मोजणी थांबली नाही. चहात ते साखर मोजून घालत. आमटीत मीठ किती आहे हे काकूंना आकड्यात सांगत. भाच्याच्या लग्नात त्यांनी बासुंदीचा एक थेंब आपल्या साखर मोजायच्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर घेतला, उजेडाकडे धरून बघितला आणि भर पंगतीत नवरीच्या बापाला म्हणाले, “दूध कमी आटलंय.” ते घर अजून यांच्याशी बोलत नाही.

टाकी खरं तर मुलाची. तो परदेशी गेला आणि टाकी इथं आली. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. मोठ्याचं नाव चेअरमन, धाकट्याचं व्हाइस-चेअरमन. या जातीत मोठा मेला की धाकटा त्याच्या जागी बसतो म्हणे. “मधे निवडणूक न्हाई, हाणामारी न्हाई,” तात्या सांगत. “एवढाच सहकार मी नीट चाललेला बघितला.”

घरात एकच कडक कायदा होता. गच्चीवरून खाली आणून ठेवलेल्या शुद्ध पाण्याच्या कॅनला तात्यांशिवाय कुणी हात लावायचा नाही. काकूंनीसुद्धा नाही. काकू म्हणजे खाली मान घालून चपात्या लाटणारी, हळू बोलणारी बाई. मी त्यांना कितीदा म्हटलं, “काकू, ही हुकूमशाही आहे, बोला की!” त्या हसायच्या आणि मला गरम चपाती द्यायच्या. चळवळी अशाच मोडतात.

होळी होऊन गेली होती. ऊन तापलेलं. भर दुपारी काकूंची हाक आली, “अगं ये गं, चेअरमनला दम लागलाय!”

धावत गेले. दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून आ वासत होते. कल्ले धपाधप हलत होते. तात्या पांढरेफटक, पण आवाज प्रयोगशाळेतला.

“कुणी कायबी ओतायचं न्हाई. आधी मोजा.”

हवेचा पंप बघितला, चालू होता. पाणी किती तापलंय बघितलं, रोजच्याएवढंच.

“डासाची कॉइल लावली व्हती का? फवारा? उदबत्ती?”

“न्हाई ओ,” काकू म्हणाल्या.

“वीज मंडळ!” मी म्हणाले. “व्होल्टेज कमी-जास्त करतात आणि...”

“पंप चालू हाय, पोरी. सरकारला आज सुट्टी दे.”

मग त्यांनी टाकीतला थेंब त्याच दुर्बिणीसारख्या यंत्रावर घेतला, खिडकीकडे धरला. पुन्हा घेतला, पुन्हा धरला. मीठ भलतंच वाढलं होतं. रोज शुद्ध पाण्याची भर घालून मीठ वाढेल कसं? तात्या कोपऱ्यातल्या कॅनकडे वळले. फिल्टरवाल्यांकडे असतो तसला क्षार मोजायचा मीटर त्यात बुडवला. तिथं आकडा हलायलाच नको होता. तो भराभरा चढला.

“हे बोरचं हाय,” तात्या म्हणाले.

“कुणी केलं हे?” माझा आवाज सभेतल्यासारखा चढला. “याला जबाबदार कोण?”

काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तेवढ्यात दारातून शेजारच्या गयामावशी आत आल्या. एकटी म्हातारी, पोरं-सुना ऊसतोडीला गेलेली. हातात रिकामा तांब्या.

“आज येळ झाला व्हय काकू? म्हनलं आपुनच जावं. डाक्टरनं बोरचं बंद केल्यापासून तुझ्या पाण्यावर लई बरं हाय बघ. पोटातली कळ गेली.” मग आमचे चेहरे बघून त्या थबकल्या. “काय झालं? कावून गप हायती सगळे?”

टाकीत चेअरमन आ वासत होता.

“मासे खारे, बोर खारं,” काकू इतक्या हळू म्हणाल्या की तात्यांपुरतंच असावं. “मला वाटलं, तेवढं बोरचं भरून ठेवलं तर चालतंय.”

मला गुन्हेगार सापडला होता, आणि माझ्याकडे एकही घोषणा नव्हती. मी तात्यांकडे बघितलं. आता आकडे येणार, कायदा येणार, म्हातारीसमोर काकूंचा पंचनामा होणार. तात्यांनी तांब्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं.

“चूक माझी हाय,” ते म्हणाले. “कॅन मीच बदलला. मोजायचं राहून गेलं.”

बासुंदी मोजणारा माणूस! मी उघड्या डोळ्यांनी खोटं ऐकत होते, आणि पहिल्यांदाच मला ते खोडावंसं वाटलं नाही.

गच्चीवरच्या कॅनमध्ये सकाळपासून जमलेलं पाणी होतं. घरात शुद्ध म्हणावं असं तेवढंच. तात्या ते घेऊन खाली आले आणि पहिल्यांदा गयामावशींचा तांब्या काठोकाठ भरला.

“माशाला लागतंय तर राहू दे की, बाबा.”

“घ्या. तुमी बसा सावलीला.”

उरलेलं पाणी टाकीत थोडं थोडं सोडलं. एकदम गोडं केलं तर त्यानंही मासे मरतात. हवा मिसळावी म्हणून पेल्यानं टाकीतलं पाणी उचलायचं आणि उंचावरून परत धार धरायची. तात्या दमले की मी. मी दमले की काकूंनी पेला घेतला. कायद्यानं हात लावायला बंदी असलेल्या त्या बाईची धार आम्हा दोघांपेक्षा सरळ होती.

दिवस कलला तेव्हा चेअरमन तळाशी आडवा झाला. व्हाइस-चेअरमन मात्र हळूहळू खाली उतरला आणि पोहू लागला. त्याच्या बढतीबद्दल तात्या काही बोलले नाहीत. चेअरमनला त्यांनी ओंजळीत घेऊन परसातल्या तुळशीपाशी पुरलं आणि हात धुवायला पाणी मागितलं नाही.

मी चप्पल घालत होते. आत दोघांचं बोलणं चाललं होतं.

“मला सांगायचं व्हतंस.”

“तुमी मोजलं असतं,” काकू म्हणाल्या.

त्यात तक्रार नव्हती. पाऊस नाही, असं सांगावं तसं त्या म्हणाल्या. तात्या जिना चढून गच्चीवर गेले, आणि फुलपात्र घेऊन खाली आले. संध्याकाळपर्यंत पेटीत जेवढे थेंब जमले, तेवढं पाणी त्यात होतं.

“तू कधी प्यालीस का हे?”

“मी कशाला? ते माशाचं.”

“धर.”

काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पाठ वळवून त्या, नवीन सुनेसारखं, पाणी प्यायल्या. तात्या त्यांच्यासमोर जमिनीवरच टेकले.

“कसं लागतंय?”

काकूंनी विचार केला. “कशासारखंच न्हाई लागत ओ.”

“व्हय,” तात्या म्हणाले. “आजून एक घोट हाय. पी.”