गावंडेकाकांच्या नापास माश्या

गावंडेकाका कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, की यजमानांची विचारपूस नंतर करतात. आधी त्यांच्या कुत्र्याच्या कानामागचे केस चिमटीत धरून बघतात. आमच्या मोत्याचे बघून झाल्यावर म्हणाले, "रंग झकास आहे गा, पण पाण्यात बुडन." मोत्याला बुडवायचा यांचा काय बेत आहे, या विचाराने मी त्याला दोन दिवस बांधून ठेवला होता.

काका रामदासपेठेत आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त. गळ्यात तुळशीची माळ. कांदासुद्धा विचार करून खाणारा हा माणूस दिवसभर ट्राउट मासा पकडायच्या माश्या बांधत असतो. खऱ्या माश्या नव्हेत. इवलासा गळ छोट्या शिकंज्यात आवळायचा आणि त्यावर दोरा, केस, पिसं गुंडाळून माशीचं सोंग उभं करायचं. ते सोंग पाण्यावर तरंगत आलं की मासा खाली फसतो म्हणे.

आता ट्राउटला लागतं डोंगरातलं बर्फाचं पाणी. नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीत ट्राउट सोडला, तर दुपारपर्यंत आपोआप शिजून तयार होईल. हे मी काकांना सांगून पाहिलं.

"पकडून कोण राहिलं इथं?" ते म्हणाले. "आधी माशी तर उभी राहिली पाहिजे."

'उभी राहिली पाहिजे' हा त्यांचा मंत्र. चांगली माशी पाण्यावर बसत नाही, पिसाच्या टोकांवर उभी राहते. त्यासाठी पीस म्हाताऱ्या गावरान कोंबड्याच्या मानेचंच पाहिजे, कारण ते कडक असतं. "कोंबडीचं पीस म्हंजे ओला कापूस," काका सांगतात. "अन् ब्रॉयलरचं तर नावच नको काढू."

हे ज्ञान होण्याआधी ते मला घेऊन सदर बाजारातल्या एका चिकनच्या दुकानात गेले होते. माळकरी म्हातारा रांगेत शांतपणे उभा राहिला आणि नंबर आल्यावर म्हणाला, "भैया, मुर्गे की गर्दन देखनी है." दुकानदाराने एक कोंबडा पुढे धरला. काकांनी त्याच्या मानेची पिसं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "काटो मत. सिर्फ चार पंख दे दो." दुकानदार माझ्या कानाशी आला. "भाईसाब, चाचाजी किसके ऊपर करवा रहे हैं?"

इमारतीतही तोच करणीचा संशय होता. काळा दोरा, सुई, मेण आणि पिसं घेऊन हा माणूस रोज दार लावून बसतो म्हटल्यावर समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी चौकटीला लिंबू-मिरच्या टांगल्या. काका ते बराच वेळ निरखत उभे राहिले. मग बेल वाजवून त्यांनी बाईंना विचारलं, "हा दोरा कुठून आणला वं? मोठा बारीक आहे." बाईंनी दार लावून घेतलं ते अजून त्यांच्यासाठी उघडलेलं नाही.

बांधलेल्या माशीची परीक्षा संध्याकाळी होते. जेवणाच्या टेबलावर परात, परातीत पाणी, आणि खुर्चीत परीक्षक म्हणून सुमनकाकू. कारण हा नाद मुळात काकांचा नाहीच, काकूंचा आहे.

काकांची बदली हिमाचलात झाली होती तेव्हाची गोष्ट. काका ऑफिसात आणि काकू नदीवर. काटोलच्या संत्र्याच्या बागेत वाढलेली ही बाई तिथल्या एका म्हाताऱ्याकडून माशी बांधायला शिकली, गुडघाभर पाण्यात उभी राहून गळ टाकायला शिकली. पकडलेला मासा त्या लगेच सोडून द्यायच्या. "लेक माहेरी आणतो ना, तसं," त्या म्हणतात. "दोन घडी पाहायचं अन् जाऊ द्यायचं." सुट्टीच्या दिवशी काका मागे दगडावर जेवणाचा डबा धरून बसायचे. तेवढंच त्यांचं काम.

मागच्या वर्षी काकूंना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय गेला. तेव्हापासून माश्या काका बांधतात. दोघांचा करार आहे: काकू जी माशी पास करतील, ती घेऊन पुन्हा त्या नदीवर जायचं. काकांचा सगळा जीव त्या एका 'पास'मध्ये अडकलेला.

"नापास," काकू म्हणतात.

"काहून?"

"शेपूट जाड झालं."

दुसऱ्या दिवशी दोरा जास्त होतो, तिसऱ्या दिवशी मान वाकडी. काका मुकाट्याने माशी उचलतात आणि पुन्हा शिकंज्यापाशी बसतात.

एकदा मी समोरच होतो. माशी परातीत अशी ऐटीत उभी राहिली की मलाही कळलं, ही पास. काकू म्हणाल्या, "नापास." काका चहा ठेवायला आत गेल्यावर मला राहवेना. "काकू, चांगली उभी होती की."

"होती ना भाऊ. फार चांगली होती." त्यांनी आत एकदा पाहिलं. "पण पास केली तर हा माणूस उद्या तिकीट काढन. तिथं गोट्यायवर मले उभं राहता येते का? मी काठावर बसून राहीन, अन् हे माह्या तोंडाकडं पाहून रडतीन. त्यापरीस नापासच बरी. त्यायले सांगू नको."

चहा कसा होता ते आठवत नाही.

मग काकांना पत्ता लागला की काकूंच्या भावाकडे काटोलला एक खडूस म्हातारा कोंबडा आहे. काका एकटे एस.टी.ने गेले. कोंबडा स्वतःच धरायचा हट्ट धरला. कोंबड्याने अंगठा फोडला, काका संत्र्याच्या आळ्यात पडले, आणि संध्याकाळी उजव्या हाताला हे एवढं बँडेज आणि खिशात चार पिसं घेऊन परत आले. चेहरा मात्र लग्न जमवून आल्यासारखा.

"आज राहू द्या," काकू म्हणाल्या. ऐकतील तर गावंडेकाका कसले. डाव्या हाताने बांधायला बसले. दोरा सुटायचा, पीस निसटायचं, दात लावून ते गाठ ओढायचे. काकूंची नजर त्या डाव्या हातावरून हलत नव्हती. त्यांचाही आता तेवढाच हात उरला आहे.

माशी झाली ती झुरळासारखी. परातीत सोडल्याबरोबर कलंडली आणि सरळ तळाशी गेली.

"नापास," काका स्वतःच म्हणाले.

"तुमाले कोनं विचारलं?" काकू म्हणाल्या. "पास."

"अवं, बुडली ना थे."

"दिसते मले. पास म्हणलं ना."

"असं नाही चालत. नियम म्हंजे नियम. मी उद्या दुसरी बांधतो."

"दुसरी तिथंच बांधा, नदीवर," काकू म्हणाल्या. "अन् पाण्यात आता तुम्ही उतरा. दगडावर मी बसते. डबा मी धरीन."

काकांनी परातीच्या तळातून ती माशी काढली, बँडेजवर ठेवली आणि हळूहळू फुंकर घालून वाळवत बसले.