भोये सरांची लिंक

आमच्या शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर रोज एक सुविचार असतो. त्या सकाळी तिथे इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ होती. खाली वळणदार अक्षरांत सूचना होती: 'जसेच्या तसे उतरवून घ्यावे.' अख्ख्या आठवीने उतरवून घेतलंही होतं. मी या शाळेचा कारकून. वीस वर्षांत त्या फळ्यावर शुद्धलेखनाची चूकसुद्धा पाहिली नव्हती. मी जागीच थिजलो.

"बसला ना धक्का?" मागून आवाज आला.

हे भोये सरांचं पालुपद. भूगोल शिकवायचे, आणि भरती-ओहोटीचा धडाही याच प्रश्नाने संपवायचे.

"ही माझी लिंक," ते म्हणाले. "माल कंपनीचा, इंटरनेटवरचं दुकानही कंपनीचं. आपण फक्त गिऱ्हाईक पाठवायचं. अफिलिएट मार्केटिंग म्हणतात याला."

"म्हणजे दलाली."

"मार्गदर्शन," त्यांनी मला दुरुस्त केलं.

तेव्हा जव्हारच्या बाजारात एकच सायबर कॅफे होता. त्यात तीन कॉम्प्युटर, पैकी एक कायमचा आजारी. पण सरांनी लिंक लग्नाच्या आहेराच्या पाकिटांवरही लिहिली. आठवड्याभरात साखरशेत गावचे एक बाबा लिंकची चिठ्ठी घेऊन ऑफिसात हजर. "सर, ह्या दुकान कठं हाये? डेपोच्या मांगं पाहलां, नाय गावलां." सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि इंटरनेट म्हणजे काय ते नकाशासकट समजावलं. बाबा तासाभराने उठले ते मान हलवत.

मुख्याध्यापकांनी फळा काढून घेतल्यावर सर ई-मेलकडे वळले. दर रविवारी ओळखीच्या सगळ्यांना एका वस्तूची माहिती आणि खाली लिंक. कंपनी म्हणे, चार गोड शब्द लिहा. सरांना ते कुठलं जमायला? स्वतः वापरल्याशिवाय ते चमच्याबद्दलही मत देत नसत. त्यांनी मिक्सर मागवला, त्यात नाचणी दळली, आणि लिहिलं: 'भांडे तापते. आवाजाने शेजारी येतात. आमच्याकडे वीज नसताना निरुपयोगी. हा मिक्सर घेऊ नये. घेतल्यास कृपया माझ्या लिंकवरून घ्यावा.'

मी वाचून कपाळावर हात मारला. अशाने कोण घेणार? कोणी घेतलंही नाही. तरी दर सोमवारी मधल्या सुट्टीत सर कॅफेत पळत, आणि परतताना चेहरा असा की निकाल लागलाय आणि पहिले आलेत.

एका सोमवारी मलाही ओढून नेलं. खुर्चीत बसले आणि वीज गेली. सर उठेनात. शाळेची घंटा ऐकू आली तरी उठेनात. पंचवीस वर्षांत तासाला उशिरा न गेलेला माणूस. आता मात्र मला खराच धक्का बसला.

"मागच्या सोमवारी शून्य होतं," ते काळ्या पडद्याकडे बघत म्हणाले. "त्याच्या आधीच्याही."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. लिंक प्रत्येकासाठी वेगळी करता येते. कुणाची किती वेळा उघडली, तेही दिसतं. त्यांनी एक वेगळी केली होती, सुधीरची; रविवारचा ई-मेल त्यालाही जायचा.

सुधीर म्हणजे सरांचा मुलगा. वडिलांनी ठरवलेलं डी.एड. सोडून बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीला गेला, त्यावरून दोघांचं वाजलं. तीन वर्षं फोन नाही, पत्राला उत्तर नाही.

"पण लिंक उघडतो," सर म्हणाले. "दर रविवारी एकदा. समोर एक आकडा आला की समजायचं, बरा आहे. आता दोन आठवडे..."  एवढ्यासाठी हा माणूस गावभर हसं करून घेत होता, आणि हसणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो. मला स्वतःची लाज वाटली.

पाऊण तासाने वीज आली. पान सावकाश उघडलं. सुधीरच्या नावापुढे एक होता. शेजारच्या रकान्यात, जिथे सहा महिने कुणाच्याच नावापुढे काही आलं नव्हतं, तिथेही एक. विक्री. वस्तू: मिक्सर.

 सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"घेऊ नये म्हणून स्पष्ट लिहिलं होतं," ते म्हणाले.  "कार्ट्याने कधी म्हणून माझं ऐकलं नाही."