पाठ फिरवायची रीत

"उघडत नाही असं कुलूप अजून कुणी बनवलेलं नाही, आणि बनवलंच तर दुसरी किल्ली करून घ्यायला तो माणूस माझ्याकडेच येईल," असं म्हणून किल्लीवाल्याने पोरीच्या हातातली सराव प्रश्नपत्रिका ओढून घेतली.

कुलपांचं खरं होतं. अठ्ठावीस वर्षं तो तेच करत आला होता. पण हातात होता तो इंग्रजीचा पेपर, आणि इंग्रजीत हा गृहस्थ तिसऱ्या खेपेला काठावर पास झालेला. तेही बहुधा तपासणारा कंटाळला म्हणून.

"त्यात कुलूप कुठंय?" बायकोने विचारलं. ती दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर माणसांना 'पुढचा' म्हणून म्हणून तिच्या बोलण्याला धार आली होती.

"वीस प्रश्न म्हणजे वीस कुलपं. प्रत्येकाला चार किल्ल्या दिल्यात. त्यातली एक लागते. यात इंग्रजी कुठं आलं?"

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" बायको म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली.

पोरीचं दुखणं मात्र वेगळंच होतं. तिला इंग्रजी येत होतं. येत होतं म्हणूनच घोटाळा होता. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, आणि वेळ एक तास. मधमाश्यांवरचा उतारा आला की ही बया मधमाश्यांत रमायची. राणीमाशी म्हातारी झाल्यावर तिचं काय होतं, हे उताऱ्यात नाही म्हणून अस्वस्थ व्हायची. तोवर घंटा. दरवेळी अकरा प्रश्न बरोबर आणि नऊ कोरे. तिला शिकायचं होतं दगडांचं शास्त्र. लहानपणापासून घरभर दगड आणून ठेवायची, त्यांना ठेचकाळून बापाची दोन नखं गेली होती. ते शास्त्र शिकवणारं कॉलेज एकच, आणि तिथे इंग्रजीत वीसपैकी पंधरा नसतील तर बाकीचे गुण कुणी बघतसुद्धा नाही. ज्याला आयुष्यभर दगड फोडायचेत त्याची परीक्षा मधमाश्यांवर का घेतात, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर इंग्रजीत विचारा म्हणतात.

किल्लीवाल्याच्या धंद्यात एक रीत होती. त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी कान धरून शिकवलेली. लोकांच्या कपाटाचं कुलूप खटकन उघडलं की दार ओढायच्या आधी पाठ फिरवायची. आत काय आहे ते बघायचं नाही. अठ्ठावीस वर्षांत त्याने हजारो कपाटं उघडली आणि एकाच्याही आत पाहिलं नव्हतं. "आत काय आहे ते कळायची गरज फक्त चोराला आणि मालकाला," तो म्हणायचा. "आपण दोन्ही नाही."

ही रीत त्याने उताऱ्याला लावली. दहा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट दुकानात आणल्या आणि किल्ल्या ताडून बघतात तसं डोळ्याला भिंग लावून बसला. अर्थ कळत नव्हता, पण आकार कळत होते. 'ऑलवेज' आणि 'नेव्हर' हे शब्द त्याला दात पडलेल्या किल्लीसारखे ओळखू यायला लागले. ते ज्या पर्यायात असत तो जवळपास कधीच बरोबर नसे. ज्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे बसवलेले, तो सापळा. "हुबेहूब दिसणारी किल्ली लागत नाही. थोडी घासलेली लागते," तो स्वतःशीच पुटपुटला. दोन पर्याय एकमेकांच्या उलट असले, तर त्यातलाच एक खरा. पंधरा दिवसांत गडी वीसपैकी तेरावर गेला. एक शब्द न वाचता!

या नादात एका आजीबाईंची किल्लीही त्याने 'थोडी घासून' दिली. आजीबाई दोन तास स्वतःच्या न्हाणीघरात अडकल्या. पण संशोधनात एवढं चालायचंच.

"बाबा, तुम्हाला तेरा?" पोरीचे डोळे मोठे झाले. "हा उतारा कशावर होता ते तरी माहितीये का?"

"मला काय करायचंय?"

"ज्वालामुखीवर होता."

"असेल. आपण पाठ फिरवली."

पोरगी हसली नाही. तिने पेपर घेतला, पुन्हा एकदा पाहिला, आणि म्हणाली, "शिकवा."

बातमी पसरली. एक दिवस शिकवणीवाले सर हातगाडीवर आपलं टेबल घालून दुकानात आले. कडक उन्हातही टाय बांधणारा माणूस. शिकवणीच्या दारावर त्यांचा दरवाजापेक्षा मोठा फोटो होता. "टेबलाचा खण अडकलाय," म्हणाले. किल्लीवाला खण उघडत होता तेवढ्यात सरांनी भिंतीवर खडूने लिहिलेले नियम वहीत उतरवून घेतले. खण अडकलेला नव्हताच.

"सर, भिंतीवरचं बघून लिहिताय ते?" किल्लीवाल्याने पाठमोरं राहूनच विचारलं.

"सहज हो. लोकांकडे काय काय ज्ञान असतं, त्याचं कुतूहल."

पोरगी अकरावरून चौदावर आली आणि तिथेच अडकली. मधेच एखाद्या उताऱ्यात देवमासा यायचा आणि ती पाण्यात उतरायची. शेवटी किल्लीवाल्याने ठरवलं की कुलूप लांबून उघडत नाही. अर्जात वयाची अट नव्हती. त्याने स्वतःचाही अर्ज भरला.

"म्हणजे बाप-लेक एका वर्गात बसणार?" बायकोने विचारलं. "तिचा नंबर लागला नाही आणि तुमचा लागला तर?"

"मी पद्धत तपासायला चाललोय."

"दगडांच्या कॉलेजात तुम्ही शोभाल खरे."

परीक्षेच्या दिवशी पोरगी पुढून तिसऱ्या बाकावर आणि बाप तिच्या दोन रांगा मागे. दारातच त्याने बजावलं होतं, "माशी येवो, मासा येवो, पाठ फिरवायची. पंधरा झाले की मग जन्मभर वाच." तिने मान हलवली होती. बोटं मात्र गार पडली होती तिची. त्याने ती मुठीत धरून चोळली, थंडीत अडलेलं कुलूप चोळतात तशी.

पहिले तीन उतारे किल्लीवाल्याने पंधरा मिनिटांत उडवले. गोल काळे करत तो पानामागून पान उलटत होता. चौथं पान उलटलं आणि हात थांबला.

पानावर कुलपाचं चित्र होतं.

लाकडी, जुनं, भलं दणकट कुलूप. मधे एक चाक, बाजूला एक खुंटी. आणि त्या कुलपाला किल्लीचं भोकच नव्हतं!

किल्लीवाल्याने पान डोळ्यांजवळ नेलं. लांब नेलं. उलटून मागून पाहिलं, न जाणो भोक मागे असेल. भोक नव्हतंच. खाली तीस-पस्तीस ओळींचा उतारा, आणि त्यात त्याच्या दुकानाच्या पाटीवरचा 'लॉक' हा शब्द चौदा वेळा. 'की' हा शब्द एकदाही नाही. मग हे उघडतं कसं? चाक आधी की खुंटी? आतून उघडतं की बाहेरून? की उघडतच नाही?

नियम त्याचाच होता. उतारा वाचायचा नाही. त्याने एकदा डोळे मिटले, पाठ फिरवल्यासारखे. उघडले तर कुलूप समोरच.

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा किल्लीवाला कपाटात डोकावला. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत. अर्ध्या तासात तिसऱ्या ओळीपर्यंत पोचला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तेही दगडांच्या कॉलेजाच्या परीक्षेत. तिसऱ्या ओळीत एक बारा अक्षरी शब्द आडवा आला आणि त्याचा धीर सुटला. त्याने हात वर केला.

पर्यवेक्षक बाई आल्या. "काय हवंय?"

"बाई, एवढं एकच सांगा. हे उघडतं का?"

"काय?"

"हे. भोक नाहीये याला."

"प्रश्नाचं उत्तर आम्हाला सांगता येत नाही."

"प्रश्नाचं नकोच आहे. कुलपाचं सांगा."

बाईंनी चष्मा खाली केला. "तुम्ही परीक्षार्थी की पालक?"

"दोन्ही."

"कोणाचे पालक?"

पुढून तिसऱ्या बाकावरची पेन्सिल थांबली. किल्लीवाल्याला ती थांबलेली दिसली. आता आपण बोट दाखवलं, तर बाई तिच्याकडे जातील, चौकशी करतील, कदाचित दोघांनाही उठवतील. कॉलेज गेलं, वर्ष गेलं. त्याने चोरासारखी मान खाली घातली.

"कोणाचाच नाही," तो म्हणाला. "चुकून बोललो. बसतो."

पेन्सिल पुन्हा चालायला लागली, पहिल्यापेक्षा जलद. घंटा झाली. बाईंनी पेपर गोळा केले आणि ते कुलूपही घेऊन गेल्या.

फाटकाबाहेर त्याने पोरीला गाठलं. ती बोलायच्या आत त्याने विचारलं, "ते शेवटचं कुलूप कसं उघडतं?"

"कुठलं कुलूप?"

"उताऱ्यातलं. चित्र होतं ना."

"बाबा, मी वाचला नाही." ती पहिल्यांदाच खुलून हसत होती. "तुम्ही बाईंशी बोलायला लागलात आणि मला वाटलं, आता काढताहेत दोघांना. झरझर तुमचे नियम लावले आणि पुढे गेले. वीसच्या वीस प्रश्न सोडवले. पाठ फिरवली!"

किल्लीवाल्याला आनंद झाला. खरंच झाला. पण ते कुलूप डोळ्यांपुढून हललं नाही. त्याने बाहेर पडणाऱ्या पोरांना एकेकाला विचारलं. साठ पोरं. सगळी टायवाल्या सरांची. "उतारा? काका, उतारा कोण वाचतं?" एकानेही वाचला नव्हता.

निकाल लागला. पोरीला सतरा. शेवटच्या उताऱ्यावर पाचपैकी पाच. किल्लीवाल्याला दहा, शेवटचे पाच कोरे. सरांच्या फोटोशेजारी पोरीचाही फोटो लागला, ती त्यांच्याकडे एक दिवसही गेली नसताना. बायकोने खिडकीवरच्या प्रत्येकाला सांगितलं. पोरगी दगडांची पेटी घेऊन कॉलेजच्या गावी गेली. घरात ठेचकाळायला काही उरलं नाही.

उरलं होतं ते कुलूप. जेवताना, दात घासताना, गिऱ्हाइकाशी बोलताना ते समोर यायचं. महिन्याभराने कळलं की यंदाची प्रश्नपत्रिका छापून आली आहे आणि सरांच्या शिकवणीत ती सोडवून घेतात. किल्लीवाला दुकान लवकर बंद करून गेला आणि शेवटच्या बाकावर बसला. सरांनी पेपर वाटले. चौथं पान. कुलूप जागेवर होतं. भोक अजूनही नव्हतं.

"सर," त्याने हात वर केला, "हा उतारा एकदा मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगाल का?"

सरांनी टाय सरळ केला आणि फळ्यावर लिहिलेल्या पहिल्या नियमाकडे बोट दाखवलं. "उतारा वाचायचा नाही, काका. माझी स्वतःची पद्धत आहे."

पुढच्या बाकावरचं पोरगं मागे वळलं आणि सहानुभूतीने कुजबुजलं, "क लिहा काका. क बरोबर आहे."