ताराक्का रानात गेल्यात

आमच्या उंब्रजच्या गल्लीत सकाळी सकाळी ताराक्कांच्या दारावर थाप मारली, तर आतून स्वतः ताराक्काच ओरडून सांगायच्या, "ताराक्का घरात न्हाईत! रानात गेल्यात!"

नवख्या माणसाचा गोंधळ व्हायचा. नवीन लागलेला दूधवाला जरा वेळ थांबून भीत भीत म्हणाला, "मग आपण कोण बोलताय?"

"मी ताराक्काच. पर रानात हाय म्हनून सांगितलं न्हवं? दूध कट्ट्यावर ठेव आन् जा."

हे रान म्हणजे फोनमधलं रान. 'हिरवं शिवार' नावाचा एक खेळ होता. त्यात प्रत्येकाला जमिनीचा तुकडा मिळायचा. तो नांगरायचा, पेरायचा, पाणी पाजायचं, पीक बाजारात न्यायचं. ताराक्कांचा मुलगा पुण्याला नोकरीला. आक्कांचे यजमान सुभेदार गेल्यावर आई घरात एकटी बसते म्हणून त्याने हा फोन आणून दिला आणि खेळही तोच घालून देऊन गेला. मात्र त्याला खेळ म्हटलेलं आक्कांना खपायचं नाही. "खेळ पोरं खेळत्यात. मी शेती करतीया."

आणि करायच्या ती रीतसर. डोक्याला सुभेदारांचा जुना टॉवेल गुंडाळून खाटेवर बसायच्या, चष्मा चढवायच्या आणि तासभर कुणाला भेटायच्या नाहीत. काम उरकलं की मोरीत जाऊन पाय धुवायच्या. मी एकदा म्हटलं, "आक्का, पायाला माती तर लागलेली नाही."

"माती लागली न्हाई म्हनून काय झालं? रानातनं आल्यालं मानूस पाय धुतं."

त्यांना खरीखुरी जमीनही होती, पण ती पुतण्याला वाट्याने दिलेली. तिच्यात ऊस. उसावर आक्कांचा जीव नव्हता. "ऊस काय, एकदा लावला की वरीसभर तोंड फिरवून बसतोय. द्राक्षाला रोज जाऊन इचारावं लागतं, बाई, बरी हायस का." म्हणून फोनमध्ये त्यांनी सगळी द्राक्षबाग केली होती. आक्कांचं माहेर तासगावचं. त्यांच्या अंगणात द्राक्षाचा एकही वेल उंब्रजच्या हवेत कधी धरला नाही. फोनमध्ये मात्र घडांनी मांडव वाकायचा.

मी त्यांचा शेजारी. कराडला लोकांच्या टॅक्सची कामं करतो. मी वकील नाही हे मी आक्कांना किती वेळा सांगितलं असेल. त्या मला "वकील" म्हणतात. कागद वाचून पैसे घेतो तो वकील, असा त्यांचा हिशेब.

एक दिवस त्या येऊन म्हणाल्या, "वकील, आमच्या शिवाराचा कारखाना पुन्यात हाय म्हनं. आन् त्येचं शेअर मिळत्यात. मला सभासद करा."

"कशाला, आक्का?"

"आवं, ज्या कारखान्याला आपला माल जातोय, त्येचं सभासद नगं व्हय? सुभेदार साखर कारखान्याचं सभासद हुते. वरसाला सभेला जायाचे, भांडून यायाचे. तसं आसावं लागतं."

मी त्यांचं खातं उघडून थोडे शेअर घेऊन दिले. पुढचे कित्येक दिवस त्यांचा एकच प्रश्न: "सभासदाची दिवाळीची साखर कवा येनार?" खेळ बनवणारी कंपनी साखर देत नाही हे पटवताना माझा घसा बसला. शेवटी मीच दिवाळीला किलोभर साखर नेऊन दिली. त्यांनी ती हातावर घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "दाना बारीक हाय. सभेत इचारावं लागंल."

असं सगळं ठीक चाललं होतं, आणि मग ती बातमी आली.

पुण्याची ती कंपनी दोन मित्रांनी उभी केलेली. मुंबईच्या एका बड्या कंपनीला ती हवी होती आणि मित्रांना विकायची नव्हती. तेव्हा बड्या कंपनीने आधी बाजारातून गुपचूप शेअर गोळा केले आणि नंतर उघड जाहीर केलं: बाकीच्या भागधारकांनी आपले शेअर आम्हाला द्यावेत, बाजारभावाहून चढ्या दराने घेऊ. उभारणाऱ्यांना विचारायची गरजच नाही. निम्म्याहून जास्त शेअर हातात आले की घर आपलं. त्या दोन मित्रांनी भागधारकांना कळवळून विनंती केली, देऊ नका म्हणून.

मी हे समजावून सांगितलं. आक्कांनी टॉवेल सोडून मांडीवर घेतला.

"म्हंजे पॅनल पाडायचा डाव हाय."

"तसंच समजा."

"सभासद फोडाय लागल्यात."

"फोडत नाहीत, आक्का. चांगला भाव देताहेत. मला विचाराल तर देऊन टाका. सगळे देणार आहेत."

"नवं पॅनल आल्यावर आमचं शिवार ऱ्हाईल का?"

मी खरं ते सांगितलं. बड्या कंपनीला पुण्यातली हुशार पोरं आणि त्यांचं तंत्र पाहिजे होतं. ज्यात फार मिळकत नाही ते जुने खेळ बहुधा बंद होतील.

"मग न्हाई द्यायचं," आक्का म्हणाल्या. पुन्हा विचारलं तरी तेच. मी जायला उठलो तेव्हा त्यांनी मला खाली बसवलं आणि फोन पुढे केला.

"ह्यो बांध बघा. ह्या बांधाच्या पलीकडं कोन हाय, वाचा."

पलीकडच्या रानावर पाटी होती: 'आबा'.

"माजा भाऊ हाय त्यो," आक्का हळू आवाजात म्हणाल्या.

वडील गेल्यावर तासगावच्या जमिनीवरचा हक्क सोडायला आक्का तयारच होत्या. आपल्याकडे बहिणी सोडतातच. पण सही घ्यायला आबा स्वतः आला नाही, त्याने माणसाबरोबर कागद पाठवले. आक्कांनी त्या माणसाला चहा पाजला, सही केली आणि त्या दिवसापासून माहेरची वाट बंद केली. "जिमिनीचं मला काय न्हाई, वकील. पर म्होरं बसून, तारे सही कर, येवढं म्हनाय नगं व्हतं?" तिकडूनही कुणी आलं नाही. वर्षं गेली.

"आन् मग ह्यो हितं भेटला," त्या म्हणाल्या.

त्या खेळात शेजाऱ्याशी बोलता येत नसे. हात जोडता यायचे, फूल पाठवता यायचं आणि शेजाऱ्याच्या पिकाला पाणी देता यायचं. आबा रोज दिवस उगवायच्या आत आक्कांच्या द्राक्षाला पाणी द्यायचा. आक्का त्याच्या कांद्याला द्यायच्या. मधे चिकुनगुनियाने त्यांची बोटं धरली होती, फोन उचलवत नव्हता. बऱ्या होऊन बघतात तर बाग जशीच्या तशी हिरवी.

मी म्हटलं, "आक्का, शेजारी कोण द्यायचा ते कंपनीचं मशीन ठरवतं. आणि सांगली जिल्ह्यात दगड मारला तर तो कुठल्या तरी आबालाच लागेल."

"मशीनला काय कळतंय? मानूस बोलत न्हाई, पर चुकत न्हाई. त्यो आमचा आबाच. लहानपनापासनं तसाच हाय. तोंडानं काय बोलायचं न्हाई, आन् काम करून मोकळा."



व्हायचं ते झालं. लोकांनी शेअर दिले, बड्या कंपनीच्या हातात कारभार गेला आणि जुन्या संचालकांना काढण्यासाठी सभा बोलावली गेली. सभा फोनवरूनच होती. आक्कांनी हट्ट धरला, "मला बोलायचं हाय." मी त्यांचं नाव बोलणाऱ्यांत घातलं. सभेच्या दिवशी त्या हिरवं इरकली लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन कराडला माझ्या ऑफिसात आल्या. फोनसमोर बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "सभेत उभं ऱ्हाऊन बोलत्यात." म्हणून मी कॅलेंडर काढून खिळ्याला फोन टांगला.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. आक्कांनी घसा खाकरला.

"अध्यक्षसाहेब, संचालक मंडळ, आन् माज्या सभासद बंधू-भगिनींनो!"

"मॅडम, यू आर ऑन म्यूट."

मी आवाज चालू केला. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.

"अध्यक्षसाहेब, संचालक मंडळ, आन् माज्या सभासद बंधू-भगिनींनो! मी तारा, उंब्रज. कारखाना कुनीबी चालवा. पॅनल येत्यात, पॅनल जात्यात. आमच्या साखर कारखान्यात किती आली आन् गेली. पर पॅनल बदललं म्हनून कुनी सभासदाचं रान काढून घेत न्हाई. आमच्या शिवारात लोकं ऱ्हात्यात, साहेब. बांधाला बांध लागून ऱ्हात्यात. तेवढं ठेवा. येवढंच."

पडद्यावर चार-पाच चौकोनांत चार-पाच चेहरे होते. एकाने मराठीतून विचारलं, "मॅडम, तुमचा प्रश्न काय आहे?"

"प्रश्न न्हाई. इनंती हाय."

"थँक यू, मॅडम. नोंद घेतली आहे. नेक्स्ट स्पीकर, प्लीज."

आक्का खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं. "नोंद घेतली म्हंजे काय, वकील?"

"म्हणजे ऐकलं म्हणायचं."

"आन् करनार?"

मी खिळ्यावरचा फोन काढून घेतला. त्यांना काय ते कळलं. सुभेदारांबरोबर त्यांनी सभा पुष्कळ ऐकल्या होत्या.

पुढच्या काही महिन्यांत शिवार बंद होणार असल्याची सूचना फोनवर आली. शेवटच्या सकाळी आक्कांनी मला बोलावून घेतलं. आबाने नेहमीसारखं पाणी देऊन ठेवलं होतं. आक्कांनी त्याच्या कांद्याला पाणी दिलं. मग एक फूल पाठवलं. तिकडून फूल आलं. यांनी हात जोडले, त्याने हात जोडले. मग पुन्हा फूल. दोघांनाही दुसरं काही पाठवताच येत नव्हतं. असं बराच वेळ चाललं, आणि कधीतरी मधेच पडदा पांढरा झाला. आक्कांनी फोन उलटा करून बघितला, जणू पाठीमागून रान दिसेल.

त्यानंतर दारावर थाप मारली की दार लगेच उघडायचं. तेच बघवत नव्हतं.

बेदाण्याचा हंगाम सुरू झाला होता. एका रविवारी आक्का पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या. "वकील, गाडी काढा. तासगावला जायचंय."

"बोलावणं आलं?"

"रोज पानी देत हुता. आनी काय बोलवायचं ऱ्हायलं?"

वाटभर त्या बोलत होत्या. लहानपणी आबा विहिरीत कसा पडला, शाळेतून कसा पळाला. कराड मागे पडलं, ताकारी, पलूस गेलं. तासगावच्या अलीकडे दोनदा नुसतंच पाणी प्याल्या.

आबा बेदाण्याच्या शेडमध्येच भेटला. जाळ्यांवर द्राक्षं वाळत पसरलेली, त्यांच्यामधून एक बारका, वाकलेला म्हातारा अंगात नुसती बंडी घालून बाहेर आला. डोळ्यांवर हात धरून बघत राहिला.

"तारे?"

"व्हय. मीच."

"कशी आलीस?"

"पायानं आले. रोज पानी द्याला येतंय, मग एकदा उंब्रजला याला येत न्हवतं व्हय?"

आबाचा चेहरा कोरा. "कसलं पानी?"

आक्का हसल्या. हसता हसताच आबाच्या बंडीत फोन वाजला आणि त्याने तो बाहेर काढला. बटणांचा जुना फोन होता, दोरा बांधलेला. कानाला लावून तो मजुरांविषयी काही तरी ओरडला आणि परत ठेवला.

आक्का त्या बंडीच्या खिशाकडे बघत होत्या.

"दुसरा मोठा फोन न्हाई तुज्याकडं?"

"ह्योच झेपंना. दुसरा काय करू? का गं?"

मी आक्कांकडे बघायचं टाळलं. त्यांनी जाळीवरचा एक बेदाणा उचलला, दाबून बघितला.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "बेदाना बरा झालाय."

वहिनी आल्या, चहा आला, जेवणाचा आग्रह झाला. जेवताना आबा मधेच म्हणाला, "सही घ्याला मीच याला पायजे हुतं. लाज वाटली, तारे. तुज्याम्होरं कागद कसा धरायचा?" आक्कांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. "जेव," म्हणाल्या. निघताना तो गाडीच्या काचेला धरून उभा राहिला आणि पुन्हा कधी येतेस ते त्याने तीन-तीनदा विचारलं. आक्कांनी जत्रेला येते म्हणून सांगितलं.

गाडी निघाली. मांडीवर बेदाण्याची पिशवी घेऊन आक्का बसल्या होत्या. मी म्हटलं, "चांगलं झालं, आक्का."

"लय चांगलं झालं."

पलूस आलं. त्या एकदम म्हणाल्या, "वकील, मग त्यो कोन आसंल?"

"कुणीतरी आबा नावाचा."

"मी आजारी हुते तवा त्येनं माजी बाग जगवली. त्येला बी मी कोन तरी वाटत आसंल की. भैन, न्हाई तर लेक. त्येला काय म्हाईत मी उंब्रजची तारा हाय म्हनून." त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट धरलं. "त्येच्यामुळं मला माजा भाऊ गावला. आन् त्येला सांगायचं कसं? त्यो बी कुटं तरी दार उघडून बसला आसंल."

उन्हं उतरली होती. गावागावांतून पारावर, दुकानाच्या पायरीवर, एसटीच्या थांब्यावर माणसं बसलेली. फोनमध्ये मान घालून बसलेला एखादा म्हातारा दिसला, की आक्का काच खाली करायच्या आणि तो मागे पडेपर्यंत वळून बघत राहायच्या. घरी येईपर्यंत असे पुष्कळ दिसले.