रखमाजी तरसाची वरची दाढ

एका जंगलात, बाळांनो, दात सगळ्यांना होते आणि दातांचा डॉक्टर मात्र एकच होता. पक्ष्यांना दात नव्हते, म्हणून ते सुखी होते.

त्या जंगलात रखमाजी नावाचा तरस राहायचा. तरसाकडे असतं काय? रूप नाही, चाल नाही, आवाज असा की ऐकणाऱ्याने वाट बदलावी. पण जबडा होता, आणि त्या जबड्यापायी रखमाजीच्या घराण्याला मान होता. दरसाल वाघमहाराजांच्या वाढदिवसाच्या पंगतीत पहिलं हाड रखमाजीने फोडायचं. कडाड असा आवाज झाला की म्हातारे महाराज डोळे न उघडताच मान डोलवायचे, आणि मगच वाढायला सुरुवात व्हायची. आवाज नाही तर जेवण नाही, असा रिवाज होता.

यंदा पंगत आठ दिवसांवर आली आणि रखमाजीची वरची उजवी दाढ ठणकायला लागली. डावी बाजू वयोमानाने केव्हाच झिजली होती. जो काही मान होता तो उजवीकडेच होता.

गाल फुगला. पाणी प्यायलं तरी कळ मस्तकात जायची. पण रखमाजीला दाढेपेक्षा चुलतभाऊ भिवाजी जास्त दुखत होता. भिवाजी रोज सकाळी तब्येतीची चौकशी करायला यायचा आणि बोलता बोलता एखादं हाड उगाच फोडून दाखवायचा. मान एकदा भावकीत गेला की परत येत नाही, हे रखमाजी जाणून होता. त्याची झोप उडाली.

बायको चिमाबाई म्हणाली, एवढी एक किडकी दाढ काढून टाका, खालच्या दोन धडधाकट आहेत, त्या निभावून नेतील. रखमाजीला पटलं. तो डॉक्टर लोंबकरांकडे गेला.

डॉक्टर लोंबकर हे वटवाघूळ होते. जुन्या वडाच्या आडव्या फांदीवर त्यांचा दवाखाना होता. 'सर्व प्रकारचे दात, दाढा व सुळे' अशी पाटी होती, पण ती उलटी टांगलेली होती. प्रमाणपत्रंही उलटीच होती. येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की टांगणाऱ्याची चूक झाली असेल. विचारलं कोणीच नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना असलं काही कोण विचारतो?

बाहेर बसलेल्या साळुंकीने नाव, वय, वजन आणि घराण्यात कोणाला चोचीचा त्रास होता का, हे लिहून घेतलं. पहिला नंबर असलेल्या रखमाजीला तिने दोन तास बसवलं. मग डॉक्टर फांदीला लटकून त्याच्यासमोर आले. त्यांनी हसून विचारपूस केली आणि कुठली दाढ ते विचारलं.

"वरची, सायेब," रखमाजी म्हणाला. "उजवीकडची."

डॉक्टरांनी कसलासा पाला चोळून जबडा असा बधिर केला की रखमाजीला स्वतःची जीभ सापडेना. मग खट् झालं. पानावर एक दाढ आली. पांढरीशुभ्र, मक्याच्या दाण्यासारखी. किडकी दाढ आतून इतकी चांगली असते, याचं रखमाजीला नवल वाटलं.

घरी आल्यावर बधिरपणा उतरला आणि कळ जिथल्या तिथे परत आली. चिमाबाईने जबडा उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आवं, वरची हाये तिथंच हाये," ती म्हणाली. "खालची येक कुठं गेली?"

दुसऱ्या दिवशी रखमाजी तक्रार घेऊन गेला. डॉक्टर मुळीच रागावले नाहीत. त्यांनी कागद काढून दाखवला. पेशंट वरची म्हणाला होता, वरची काढली होती. रखमाजीने आभाळाकडे पंजा करून, वर म्हणजे इकडे, असं सांगितलं. डॉक्टरांनी लटकल्या लटकल्या मान वळवली.

"मला तर वर जमीन दिसते," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. वर आभाळ असतं अशी तक्रार घेऊन आलेले तुम्ही पहिलेच."

पुढची तारीख पंगतीच्या आदल्या दिवसाची मिळाली.

मधल्या दिवसांत रखमाजीने डोकं चालवलं. डॉक्टरांचं वर म्हणजे आपलं खाली. मग आपण खालची सांगायची, की ते बरोबर वरची काढतील. एवढी साधी गोष्ट पहिल्यांदा कशी सुचली नाही, म्हणून तो स्वतःवरच चिडला.

इकडे डॉक्टरांनीही डोकं चालवलं होतं. माणूस, म्हणजे वटवाघूळ, मनाचे चांगले होते. चूक त्यांना लागली होती. त्यांनी एका पानावर लिहून समोर लावलं होतं, 'पेशंटचं खाली ते आपलं वर.'

रखमाजी म्हणाला, खालची काढा. डॉक्टरांनी पान वाचलं, नीट विचार केला आणि पेशंटच्या खालचीच काढली. दोघेही आपापल्या हुशारीवर खूश होऊन घरी गेले.

चिमाबाईने जबडा उघडला आणि मटकन खाली बसली. उजवीकडे खाली आता नुसती हिरडी होती. वर एकटी किडकी दाढ ठणकत होती.

"आज्यापणज्यानं मान राखला," रखमाजी म्हणाला, "आन माज्या तोंडात मेला." त्याला रडू आवरेना.

पंगतीच्या दिवशी ऊन उतरल्यावर सगळं जंगल जमलं. भिवाजी मिशांना तेल लावून पुढेच बसला होता. रखमाजीच्या तोंडात हाड दिलं गेलं. त्याने डोळे मिटले, बापाची आठवण काढली आणि असेल नसेल तेवढा जोर लावला.

कडाड!

डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मग एकदम सगळं शांत झालं. आठ दिवसांत पहिल्यांदाच काही दुखत नव्हतं. हाड अख्खंच्या अख्खं होतं. मोडली होती ती वरची दाढ, पार मुळापासून.

हाडाकडे कोणी पाहिलंच नाही. वाघमहाराजांनी मिटल्या डोळ्यांनी मान डोलवली. असा आवाज तुझ्या बापाच्या वेळीही ऐकला नव्हता, असं म्हणाले. लगेच पानं मांडली गेली. रखमाजीने हाड हळूच पाचोळ्यात दडवलं आणि दाढ चिमाबाईच्या हातात ठेवली. आता त्याला पेजेशिवाय काही खाता येणार नव्हतं, पण मान घरातच राहिला होता.

वरच्या फांदीवरून डॉक्टर लोंबकर शेजाऱ्यांना सांगत होते, की हा आमचाच पेशंट.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे ही रांग लागली. पहिला नंबर भिवाजीचा होता. साळुंकीने विचारलं, काय दुखतंय?

"दुखत काय बी न्हाई," भिवाजी म्हणाला. "रखमाजीचं जे केलं, तेच माजं करा."

तात्पर्य: बाळांनो, दुखरा दात कधी ना कधी आपला आपण पडतो. चांगले दात काढायला मात्र डॉक्टरच लागतो.